डाव्या चाकाचा बोल्ट

खंडेनवमीच्या सकाळी झेंडूची फुलं घेऊन येताना बाळीवेशीच्या कोपऱ्यावर मी ब्रेक दाबला आणि डाव्या चाकातून तोच आवाज आला. लोखंडावर लोखंड घासल्याचा, दात आंबवणारा आवाज. पाणीपुरीवाल्यानं हात कानावर नेला. मी पुन्हा दाबला. पुन्हा खर्रर्र.

गेले पंधरा दिवस मी हा आवाज ऐकत होते. पण आदल्या दिवशी, अष्टमीला, माझ्या सासऱ्यांनी दारातच व्हॅन जॅकवर चढवून पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलले होते. निदान मला तसं सांगितलं होतं. संध्याकाळी हात पुसत आत आले आणि म्हणाले, "झालं." एवढंच. मी त्यांना चहा करून दिला, वर गरम भजी दिली. चौकात उभी असताना मला त्या भज्यांचा राग आला.

ही चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरातली मिल बंद पडली तसे माझे मालक पिंपरीला एका कारखान्यात लागले आणि मी इथं सासू-सासरे आणि नऊ वर्षांची अश्विनी यांना घेऊन राहिले. जुनी व्हॅन घेतली ती मीच, आणि चालवायची तीही मीच. गल्लीला ते पचत नव्हतं. "बाई गाडी चालवती म्हणं," असं माझ्या तोंडावर बोलणारे होते. दोन वर्षं मी लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याच्या फेऱ्या, मिळेल ते करत होते, आणि एका गोष्टीकडे डोळे लावून बसले होते. कस्तुरे बाईंची मुलींची शाळा. बाई तिथं मुख्याध्यापिका होत्या. दसऱ्याच्या पहाटे तुळजापूरला देवीचं सीमोल्लंघन बघायला जायला त्यांनी माझी गाडी ठरवली होती. बाई, त्यांची म्हातारी आई, बहीण, मेहुणे आणि तीन पोरं. "ही फेरी नीट झाली की दिवाळीनंतर आमच्या मुलींची ने-आण तुमच्याकडेच," असं त्या म्हणाल्या होत्या. वर्षभराचं बांधलेलं काम. आणि तुळजापूर म्हटलं की घाट. जाताना चढायचा, येताना भरलेल्या गाडीनं उतरायचा.

पहाटे तीनला निघायचं होतं. आता सकाळचे नऊ वाजले होते.

घरी आले तर मामांनी पाट मांडला होता. मी सासऱ्यांना मामाच म्हणायचे, आमच्याकडे तशीच रीत आहे. पाटावर त्यांची हत्यारं ओळीनं लावलेली. पाने, हातोडी, छिन्नी, कानस, सगळं तेलानं पुसून लखलखीत केलेलं आणि प्रत्येकावर गंधाचं बोट ओढलेलं. एकतीस वर्षं ते मिलमध्ये फिटर होते. तिथली यंत्रं इंग्रजांच्या वेळची, म्हणून पानेही इंचाच्या मापाचे. फिटर लोक ते सुतात मोजतात, आठ सूत म्हणजे एक इंच. चार सुती पाना, साडेचार सुती, पाच सुती. मिल बंद पडली तेव्हा मामांनी दुसरं काही आणलं नाही, ही पेटी तेवढी आणली. गल्लीत त्यांना मिस्त्री म्हणत आणि ते त्यांना फार आवडायचं.

मी फुलांची पिशवी ठेवली.

"मामा, डावीकडचे पॅड काल बदललेत ना?"

"बदलले की."

"मग आवाज कशाचा येतोय?"

त्यांनी वर पाहिलं नाही. हातोडीला फूल वाहिलं. "नवं हाईत. बसायला येळ लागतोय."

"नवे पॅड असे ओरडत नाहीत. मी चाक खोलून बघते."

"आज न्हाई." आता त्यांनी वर पाहिलं. "आज खंडेनवमी हाय. हत्याराला हात लावायचा नसतोय."

"जॅक आणि चाकाचा पाना माझ्या गाडीतले आहेत. त्यांची पूजा तुम्ही केलेली नाही."

सासूबाई, म्हणजे आत्या, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, सणाचं कशाला?" मी तोवर बाहेर पडले होते.

चाक निघालं आणि मला सगळं दिसलं. पॅड जुनेच होते. थर संपून मागची पत्री उघडी पडली होती आणि तीच डिस्कवर घासत होती. पॅड दाबून धरणारा जो लोखंडी जबडा असतो, कॅलिपर म्हणतात त्याला, तो मागून दोन बोल्टांवर बसलेला असतो. खालच्या बोल्टावर ग्रीसचा एवढा मोठा गोळा थापला होता. तिथं ग्रीस लावायचं काहीच कारण नव्हतं. मी चिंधीनं पुसलं. बोल्टाच्या डोक्याचे सहाही कोपरे गेले होते. बोरासारखं गोल गुळगुळीत झालं होतं ते. वरच्या बोल्टाचे कोपरेही ओरबाडले होते, पण ते शाबूत होते.

कळायला मला वेळ लागला नाही. माझे वडील ट्रक चालवायचे, मी गाडीखाली बसूनच वाढले. तो बोल्ट चौदा मिलिमीटरचा. घरात चौदाचा पाना नाही. मामांनी साडेचार सुती लावला असणार. तो चौदाच्या बोल्टावर जवळजवळ बसतो. जवळजवळच. किंचित मोठा असतो, आणि गंजलेल्या बोल्टावर जोर केला की कोपरे खातो. मापात फरक आहे हे त्यांना कळलं नसेल असं मी मानायला तयार नव्हते. एकतीस वर्षांच्या फिटरला ते न कळायला काय झालं? पण 'चौदाचा पाना कुणाकडून तरी आण' असं सुनेला सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

"मामा, बाहेर या."

ते आले, दाराच्या पायरीवर उभे राहिले. पांढरा सदरा, टोपी, कपाळाला गंध.

"उरलेले पॅड कुठं आहेत?"

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"चार पॅड आणले होते. दोन उजवीकडे लागले. बाकीचे दोन कुठं आहेत?"

ते आत गेले. त्यांच्या ट्रंकेची कडी वाजली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी घेऊन ते आले आणि माझ्या हातात न देता पायरीवर ठेवली. त्या क्षणी मला जो राग आला तसा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. चुकून राहिलं असतं तर मी समजू शकले असते. पण ह्यांनी पुडी बांधून, ट्रंकेत ठेवून, कडी लावली होती.

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला."

"मी सांगणार हुतो."

"कधी? घाटात?"

"हळू चालवली असतीस तर काय..."

"हळू? सात माणसं, वर तुमची नात पुढच्या सीटवर, आणि हळू? अहो, जीव घेतला असता तुम्ही आमचा!"

गल्ली थांबली. समोरच्या ओट्यावर रांगोळी काढणारी बाई हात तसाच ठेवून बघत राहिली. आत्या पदर खोचत बाहेर आल्या. "आवाज कशाला चढवायलीस सणासुदीला? बाप्याला असं बोलतेत का?"

"तुम्ही विचारा ना त्यांना! काल 'झालं' म्हणाले. काय झालं होतं? ग्रीस थापून झाकलंय, आत्या. झाकलंय!"

"माझ्याकडून निघाला नाही," हे तीन शब्द. मामा तेवढेच बोलले असते तर अष्टमीला दुकानं उघडी होती, गॅरेज उघडं होतं. मी तेही ओरडून सांगितलं. मग मी हात पुसले आणि सिद्राम अण्णांकडे गेले.

सिद्राम अण्णा तीन घरं पलीकडचे, रिक्षा चालवायचे. त्यांच्याकडे नंबरचे सगळे पाने होते. त्यांच्या दारात रिक्षा धुऊन, केळीचे खांब बांधून तयार होती आणि आत देवापुढे पाने मांडलेले. चौदाचा रिंग पाना मला दारातूनच दिसत होता.

"वैनी, आज कसं उचलू वो?" ते कानकोंडे होऊन म्हणाले. "देवाच्या पायाशी ठेवलंय. आमचा बाप हुता तवापासनं खंडेनवमीला हत्यार हलत न्हाई आमच्यात."

"अण्णा, ब्रेक नाहीये माझ्या गाडीला."

"उद्या पूजा उठली की मी सोता घेऊन येतो. दहा मिंटात काढून देतो."

"उद्या पूजा उठेल तेव्हा मी तुळजापुरात असणार."

"मग जाऊ नका की," सिद्राम अण्णा म्हणाले.

दिवसभरात शहाणपणाचं बोललेला हा एकच माणूस, आणि मला त्याचाही राग आला. न जायला काय, त्यांची रिक्षा होती, बाप्ये होते. त्यांनी एक भाडं सोडलं तर कुणी म्हणणार नव्हतं की बघा, म्हणूनच पुरुषाची गाडी सांगू नये. मी तशीच गॅरेजकडे गेले. शटरला आंब्याची पानं आणि झेंडूची माळ, कुलूप लावून सगळे आपापल्या गावी. आणखी दोन ठिकाणी गेले. तिथंही तेच. साऱ्या सोलापुरात त्या दिवशी एकही पाना जागचा हलणार नव्हता.

घरी आले, चपला काढल्या आणि सरळ पाटापुढे गेले. कानस उचलली, चार सुती पाना उचलला, हातोडी उचलली. फुलं खाली पडली.

आत्या किंचाळल्याच. "अगं देवाचं हाय ते! अगं काय करायलीस!"

"देव घाटात ब्रेक लावायला येणार असेल तर सांगा, जागेवर ठेवते."

मामा दारात उभे होते. मला वाटलं अडवतील. त्यांनी फक्त माझ्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. "तो पाना त्या बोल्टाचा न्हाई."

"काल नाही कळलं का हे?" मी म्हटलं आणि त्यांच्या अंगाला घासून बाहेर पडले.

माझं डोकं असं चाललं होतं. गोल झालेल्या डोक्याला कानशीनं घासून दोन बाजू सपाट करायच्या, चार सुती पान्यात बसतील एवढ्या, आणि फिरवायचं. पद्धत चुकीची नव्हती. मी चाकाच्या खळग्यात डोकं घालून बसले. कानस हलवायला जागा नाही, तीन बोटं एवढा झटका मिळायचा. अकरा वाजता सुरुवात केली, एक वाजला तरी घासतच होते. अंगठ्याजवळ फोड आला, फुटला. अश्विनी पाणी घेऊन आली. "आई, जेव की." मी तिच्यावरही खेकसले.

मामा पायरीवर बसून होते. जेवायला आत गेले नाहीत. मला त्यांचं बसणं सहन होत नव्हतं. आत जाऊन निजा म्हणावंसं वाटत होतं, आणि आत गेले असते तर 'बघा, निजले खुशाल' म्हणून त्याचाही राग आला असता, हेही मला माहीत होतं. एकदा ते म्हणाले, "आटं गंजल्यात. रॉकेल सोड आन तासभर थांब."

घरात रॉकेल होतं. स्टोव्हशेजारी बाटली भरलेली होती. सोडायला हवं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं म्हणूनच मी सोडलं नाही.

दोनच्या सुमाराला पाना बसला. गच्च बसला. मी जोर केला. हललं नाही. पाय गाडीला लावून ओढलं, तरी नाही. मग मी मोरीमागून नळाच्या पाइपचा हातभर तुकडा आणला आणि पान्याच्या दांडीवर चढवला.

"नळी लावू नको," मामा उठून उभे राहिले. "पोरी, नळीनं हाताला काय कळत न्हाई. बोल्टाचा जीव जातोय."

"आणि माणसांचा गेला असता ते? जीव घ्यायलाच निघाला होतात, आता बोल्टाची काळजी करताय?"

मी दोन्ही हातांनी नळी धरली आणि सगळ्या अंगानं खाली दाबली. सकाळपासूनचा सगळा राग त्या नळीवर घातला. ग्रीसचा, ट्रंकेच्या कडीचा, 'बाई गाडी चालवती'चा, पिंपरीला बसून 'वडील करतील की सगळं' असं पत्रात लिहिणाऱ्या नवऱ्याचासुद्धा.

टक्.

पाना फिरला. अर्धा फेरा एकदम फिरला आणि मी तोंडावर पडता पडता वाचले. "निघाला!" मी ओरडले. खरंच आनंदानं ओरडले. समोरच्या ओट्यावरच्या बाईनंही "निघाला बाई एकदाचा" म्हटलं. अश्विनी टाळ्या वाजवत आली. मी पाना बाहेर काढला. पान्याच्या तोंडात बोल्टाची मुंडी होती. नुसती मुंडी. बाकीचा बोल्ट आतच तुटून राहिला होता, आणि तुटलेल्या जागी धातू नव्या पैशासारखा चमकत होता.

"आई, निघाला ना?"

"निघाला," मी म्हटलं आणि मुंडी मुठीत धरली.

पुढचं काम सोपं झालं, हेच वाईट झालं. मुंडी गेली की कॅलिपर खालून मोकळा होतो. तो वरच्या बोल्टावर कवाडासारखा उचलला. जुने पॅड काढले, नवे बसवले, कॅलिपर खाली आणला. खाली त्याला धरून ठेवायला आता काही नव्हतं. वरचा एकच बोल्ट. गाडी उतारावर असताना जोरात ब्रेक लागला तर तो वर उचलला जाऊन चाकाच्या आत अडकू शकतो. हे मला न सांगता कळत होतं. मी कोपऱ्यातून बांधकामाची काळी तार आणली, चार पदरी केली, आणि कॅलिपर खालून आवळून बांधला. चाक चढवलं. नट आवळले.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. आवाज नाही. ब्रेक कडक लागत होता. मी स्वतःला सांगत होते की तार चार पदरी आहे. वरचा बोल्ट शाबूत आहे. पंचेचाळीस किलोमीटर तर जायचं, घाट तरी केवढा. हळू चालवीन.

हळू चालवीन. हे मनात आलं तेव्हा माझा मलाच धक्का बसायला हवा होता. बसला नाही. मी हातपाय धुतले, साडी बदलली, गाडीला झेंडूचा हार घातला. हत्यारं पुसून पाटावर परत ठेवली. आत्या अजून फुरंगटून बसल्या होत्या, पण त्यांना राहवलं नाही. "झालं का गं?"

"झालं."

मामा पायरीवरच होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बघितलं नाही. तो 'टक्' त्यांनी ऐकला होता. बोल्ट ढिला होताना कसा आवाज येतो आणि तुटताना कसा, हे ज्याच्या हयातीत हजारदा ऐकून झालं होतं त्याला काय सांगायचं होतं?

पाच वाजता कस्तुरे बाई आल्या. बरोबर आईलाही आणलं होतं, म्हातारीला गाडीत चढता येतं का बघायला. म्हातारी जेमतेम चार फुटांची, नऊवारी, नाकात मोठी नथ, उत्साहानं नुसती फुललेली. मी दार उघडून स्टूल ठेवलं. ती पुढच्या सीटवर बसली. डाव्या बाजूला, बरोबर त्या चाकाच्या वर. "हितनं समदं दिसल," ती म्हणाली. "मी हितंच बसणार. पोरीला माज्या मांडीवर घेईन."

अश्विनी लगेच जाऊन तिच्या मांडीवर बसली.

"गाडी तयार ना?" बाईंनी विचारलं. "ब्रेकचं काम काढलं होतं म्हणालात."

"तयार आहे, बाई. नवे पॅड घातले."

"तीनला दारात या. उशीर नको."

"तीनला म्हणजे तीनला."

"गाडी तयार न्हाई," मामा म्हणाले.

पायरीवरून उठले ते. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मामा, तुम्ही आत जा." ते गाडीजवळ आले आणि डाव्या चाकावर हात ठेवून उभे राहिले.

"बाई, काल हा बोल्ट माझ्याकडनं गोल झाला. चुकीचा पाना लावला मी. निघाला न्हाई माझ्याकडनं. मी ग्रीस लावून झाकला आन सूनबाईला झालं म्हणून खोटं सांगितलं. आज तिच्याकडनं त्याची मुंडी तुटली. आत आता तार हाय. तारंवर घाट उतरायचा नसतोय." मग म्हातारीकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "उतरा आई तुम्ही."

बाई माझ्याकडे बघत होत्या. "खरं आहे का हे?"

गल्ली पुन्हा थांबली होती. समोरच्या ओट्यावरची बाई, सिद्राम अण्णा, आत्या, सगळे. मी मान हलवली असावी, कारण बाईंनी अश्विनीला म्हातारीच्या मांडीवरून उचलून खाली ठेवलं. "मला विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, नको जाऊया," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. आईला धरून निघून गेल्या. दिवाळीनंतर त्यांच्या शाळेच्या मुली दुसऱ्याच्या गाडीतून जायला लागल्या आणि मी त्या गाडीला रोज सकाळी बाळीवेशीत बघत होते, पुढची तीन वर्षं.

त्या संध्याकाळी मी मामांना जे बोलले ते इथं सगळं लिहिणार नाही. आत्यांनी कानांवर हात ठेवले होते. चारचौघांत माझी लाज काढलीत म्हटलं. घरात सांगता आलं नसतं का म्हटलं. शेवटी म्हटलं, "हे काल का नाही निघालं तोंडातून? काल एवढंच बोलला असता तर काहीच झालं नसतं!"

"काल धाडस झालं न्हाई," मामा म्हणाले.

"आणि आज झालं? माझ्याबद्दल बोलायचं होतं म्हणून झालं?"

"तुझ्याबद्दल न्हाई. ती म्हातारी बसली न्हवं तितं."

मी गाडीतून जॅक आणि चाकाचा पाना काढला, हार ओढून फेकून दिला आणि पुन्हा त्या चाकापुढे बसले. मामा आले, माझ्या शेजारी जमिनीवर बसले. पांढऱ्या सदऱ्याला माती लागत होती. पाटावरची पक्कड त्यांनी स्वतः आणली होती. पूजेतली. ती माझ्यापुढे धरली. "आधी तार काप. मग जॅक काढून ठिवू. उद्या सिद्रामला सांगू, तुटक्यावर नट वेल्डिंग करून फिरवला की निघतंय."

मी पक्कड घेतली नाही. आता मला बोलतील, याची मी वाट बघत होते. सकाळपासून मी त्यांना जे जे ऐकवलं होतं त्यातलं एक जरी त्यांनी मला परत ऐकवलं असतं तर मला भांडता आलं असतं. त्यांनी काही ऐकवलं नाही. पक्कड तशीच धरून बसले. शेवटी मी ती घेतली आणि चाकाचे नट काढायला वाकले. पाना माझ्या हातातून दोनदा खाली पडला. तो रागानं पडला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.